गुरुवारचा डबा आणि हजार वाचक

कोथरूडच्या शर्मिला वाघमारे डबे विकत नसत, तरी लोक त्यांना डब्याच्या बाई म्हणत. सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं मधुमेहाच्या पेशंटना पथ्य समजावलं. दवाखाना बंद झाला, तेव्हा जुने पेशंट विचारू लागले, "आता आम्ही काय खायचं, बाई?" म्हणून दर गुरुवारी त्या ईमेलवर एक पत्र पाठवू लागल्या. त्याचं नाव 'गुरुवारचा डबा'. पुरणपोळीला त्या नाही म्हणत नसत. अर्धी कशी खावी आणि सोबत काय घ्यावं, ते सांगत.

त्याचं पुस्तक व्हावं, ही त्यांची फार इच्छा. त्यांच्या आईला डॉक्टरांनी पथ्याचा इंग्रजी कागद दिला होता. तिनं तो उशीखाली जपला आणि खाल्लं मात्र शेजारणी सांगतील ते. आईसारख्या, ईमेल नसलेल्या बायकांसाठी शर्मिलाताईंना पुस्तक हवं होतं. प्रकाशक म्हणाले, "मजकूर उत्तम. आधी हजार वाचक दाखवा. चहा तेव्हाच पिऊ." वाचक तर तीनशेवर अडकलेले.

आयटीतली नणंद ऋचा धावून आली. "वहिनी, नुसतं चांगलं लिहून भागत नाही. व्हायरल व्हायला हवं!" तिनं एक टूल बसवलं. प्रत्येक वाचकाला स्वतःची लिंक मिळायची. तिच्यावरून तिघांनी नाव नोंदवलं, की त्याला 'सणाचं ताट' ही पुस्तिका उघडायची. तिळगुळापासून बुद्धपौर्णिमेच्या खिरीपर्यंत सगळं तिच्यात होतं. "बघच, लोक पळत सुटतील," ऋचा म्हणाली.

दोन गुरुवार गेले. पळाले ते यादीतूनच. पाच-सहा जणांनी नाव काढून घेतलं. मग मागच्या गल्लीतल्या सुंदराबाईंचा फोन आला. त्या दवाखान्यापासूनच्या पेशंट, आणि पत्राच्या पहिल्या वाचक.

"शर्मिला, शेजारी वडी देताना दारात अट घालतेस का गं? आधी तीन बायका आण म्हणून?"

"मावशी, ते तसं नाही…"

"तसंच आहे! 'तू ये, म्हणजे मला वडी मिळेल,' असं मी कुणाला सांगू? लाज वाटते बाई."

"मग काय करू?"

"वाटी आधी दे. आलेली वाटी रिकामी परत पाठवतं का कुणी?"

कणीक मळताना शर्मिलाताईंच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. हात धुऊन त्यांनी ऋचाला फोन लावला. "लिंक राहू दे, अट काढ."

"गिफ्ट आधीच? वहिनी, सगळं लॉजिकच उलटं! मग शेअर कोण करेल?"

"करून तर बघ. आणि ज्यानं त्यानं स्वतः नाव नोंदवायचं. दुसऱ्याचं परस्पर नाही."

पुढच्या गुरुवारी पुस्तिका सगळ्यांना गेली. खाली एवढंच लिहिलं होतं: 'ही वाटी तुमची. आवडली, तर पथ्य असलेल्या एखाद्या घरी पुढे पाठवा.'

खडकवासल्याच्या एका गृहस्थांनी ती सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना धाडली. कुणी सासूला, कुणी व्याह्यांना. सुंदराबाईंना लिंक पाठवणं जमेना, म्हणून त्यांनी शेजारणींना घरी बसवून, त्यांच्याच हातानं नावं नोंदवून घेतली. आणि वाट्या भरून परत येऊ लागल्या. उत्तरांत कुणाची नाचणीच्या आंबिलीची कृती, कुणाची मेथीच्या उसळीची. शर्मिलाताई एकेक उत्तर वाचत आणि डोळे पुसत. "वहिनी," ऋचा म्हणाली, "आमच्या ऑफिसात हे शिकवलंच नव्हतं!"

हजारावा वाचक आला, तेव्हा प्रकाशकांनी शब्द पाळला आणि चहा मागवला. बिनसाखरेचा. शर्मिलाताईंनी एकच हट्ट धरला. "कोपऱ्यात भोक हवं."

"पुस्तकाला?"

"खिळ्याला अडकवायला. पिठाचे हात लागत नाहीत."

प्रत्येक पदार्थाखाली तो पाठवणाऱ्याचं नाव छापलं. पहिली प्रत घेऊन त्या सुंदराबाईंकडे गेल्या. सुंदराबाईंनी आधी स्वतःचं थालीपीठ शोधलं.

"माझं मीठ कमी केलंस?"

"पथ्य आहे ना, मावशी."

"हं. लेकी शहाण्या झाल्या." त्यांनी कोपऱ्यातल्या भोकात सुतळी ओवली आणि पुस्तक ओट्यावरच्या खिळ्याला टांगलं. मग शर्मिलाताईंची पिशवी ओढून घेतली आणि तिच्यात कढीपत्त्याची जुडी घातली.

"रिकामी कशी पाठवू?"

शर्मिलाताई मात्र अजून त्या खिळ्याकडेच पाहत होत्या. आईच्या ओट्यावरही तसाच एक होता.