सशाचा डबा

लातूर जिल्हा झाला आणि माझी मैत्रीण गेली. माझ्यापुरता त्या जिल्ह्याचा इतिहास एवढाच. नांदेडात तेव्हा चहाच्या दुकानांतून मोठी माणसं त्यावर तावातावानं बोलत. कुणाला लातूरचं कौतुक, कुणाच्या पोटात दुखायचं. माझ्याही पोटात दुखत होतं, पण वेगळ्या कारणानं. मैत्रिणीचे वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि नव्या कचेरीला माणसं हवी होती.

आम्ही स्टेशनामागच्या एका ओळीतल्या खोल्यांत राहायचो. तिची आणि आमची भिंत एक. सहावीत बाकही एक. तिच्याशिवाय मला मैत्रीण नव्हती, हे मी आता सरळ सांगते. तेव्हा मात्र 'मला कुणाची गरज नाही' असा तोंडाचा चंबू करून फिरायचे. शाळेत मला 'फणकारी' म्हणत. ती एकटीच मला हसायची आणि मग मीही हसायचे.

तिचा ससा तिच्या मामानं माहूरच्या जत्रेतून आणला होता. पांढरा, डावा कान तेवढा राखाडी. जायच्या दिवशी तिनं तो आमच्या घरात आणून ठेवला. वर झाकायला कोंबड्यांचं डालगं आणि सोबत एक स्टीलचा कडीचा डबा, त्यात सशासाठी हरभरे.

"लातुरात खोली मिळेपर्यंतच," ती म्हणाली. "आठ दिवसांत मीच न्यायला येते. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

"न्हाई देत," मी म्हणाले.

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसलं तर चिमूटभर साखर, पण घालायचीच. त्यामुळे एकदा डबा निघाला की तो दोन घरांत फिरतच राहतो. आमच्या ओळीतली काही घरं मात्र आमच्याकडून गेलेलं भांडं हसून घ्यायची आणि आतलं गुपचूप गायीला घालायची. आम्ही बौद्ध, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या गायीला काय आवडतं हे आम्हाला ठाऊक होतं. मैत्रिणीची आई, माझ्या काकू, मूळच्या मुखेडकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या आमच्या दारातच डबा उघडायच्या, बोटानं चटणी चाखायच्या आणि आईला म्हणायच्या, "लसूण लई झालाय बघा." आईला त्या बोलण्याचं किती अप्रूप होतं!

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गोदावरीत डबकी उरली होती. बाबा नगरपालिकेत वॉलमन. गल्लोगल्लीचं पाणी त्यांच्या चावीनं सुटायचं आणि आमच्या घरात शेजाऱ्यांपेक्षा एक घागर जास्त आली असेल तर शपथ. आई त्यांना म्हणायची, हलवायाच्या पोरांना निदान वास तरी मिळतो. पण सशासाठी त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या तांब्यातलं पाणी वाटीत ओतून ते डालग्यापाशी ठेवायचे आणि कुणी बघितलं की उगाच घसा खाकरायचे.

हरभरे चौथ्या दिवशी संपले. हिरवा पाला मिळणं मुश्कील. मंडईत फ्लॉवरचा पाला पडला रे पडला की शेळ्यावाल्या बायका गोळा करून न्यायच्या. मग मला टांगा स्टँड सुचला. घोड्यांसाठी लसूणघासाच्या पेंढ्या यायच्या, त्यातल्या काड्या खाली सांडायच्या. शाळा सुटली की मी तिथं वाकून वाकून त्या वेचायचे. एक म्हातारा टांगेवाला रोज बघायचा. एक दिवस त्यानं विचारलं, "घर में घोडा है क्या, बेटी?" मी फणकाऱ्यानं सांगितलं, ससा आहे, आणि तोही माझा नाही. त्यानं एक अख्खी मूठ घास माझ्या दप्तरावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती मूठ ठरून गेली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. शेजारच्या खोलीला कुलूपच होतं. मी सशाला कडेवर घेऊन त्यांच्या खिडकीतून आत बघायचे. भिंतीवर कॅलेंडरचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता. ससा सोडला की आमच्या दोन्ही घरांमधल्या भिंतीला टेकून बसायचा, तिच्याकडे असताना बसायचा तसा. मी त्याच्याजवळ बसून दिवसभरातलं सगळं सांगायचे, तिला सांगायचे तसं. गणिताच्या बाई काय म्हणाल्या, कुणाची वेणी कुणी ओढली. मला ती हवी होती. बाकी काही नको होतं. आणि ससा माझ्याकडे आहे तोवर तिला यावंच लागेल, हे मी मनाशी धरून बसले होते.

दीड महिन्यानं एका रविवारी दारात खाकी कपड्यांतला माणूस उभा राहिला. मैत्रिणीच्या वडिलांच्या कचेरीतला शिपाई. कागदपत्रं घेऊन नांदेडला आला होता, दुपारच्या एसटीनं परत निघणार होता.

"साहेबांनी ससा मागवलाय," तो म्हणाला. "पिशवीत बसंल का?"

"ती नाही आली?" मी विचारलं.

"पोरगी व्हय? तिची शाळा हाय, आन् तिकीट कशाला उगं दोन?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ससा आजारी आहे. दोन दिवस झाले, काही खाऊन नाही राहिला. एसटीत मरंल तो."

आई चुलीपाशी होती. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. सकाळीच सशानं अख्खी मूठ घास संपवलेला तिनं पाहिला होता. शिपाई उंबऱ्यावर बसून पाणी पीत होता आणि आतून डालग्याखालून कुरूम कुरूम आवाज येत होता. मी मोठ्यानं खोकले. पुन्हा आवाज, पुन्हा मी खोकले.

"घशाला काय झालं गं?" शिपायानं विचारलं.

"धूळ," मी म्हणाले.

आई चुलीपासून उठली. तिनं तो कडीचा डबा पुसला, त्यात जवसाची चटणी दाबून भरली आणि शिपायाच्या हातात दिला. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "ससा अडवलास. डबा तरी अडायला नको म्हणून दिला."

मला वाटलं, ससा आजारी आहे हे ऐकून ती धावत येईल. मी रोज दुपारी लातूरच्या गाडीच्या वेळेला ओट्यावर बसायचे. तीन आठवड्यांनी डबा आला. तिच्या वडिलांच्या ओळखीच्या कुणीतरी तो आणून दिला. आत शंकरपाळ्या आणि वहीचं एक पान. तिनं लिहिलं होतं, 'ससा आता तूच ठेव. तो तुझाच. इथं पण पाणी नाही. त्याला भिंतीपाशी बसू देत जा.'

ओट्यावर बसूनच मी रडले. सशासाठी खोटं बोलले नव्हते मी, तिच्यासाठी बोलले होते, आणि मिळाला ससा.

डबा भरून पाठवायची पाळी आता आमची होती. आईनं दोनदा विचारलं. पण डब्यासोबत चिठ्ठी जाणार, आणि चिठ्ठीत काय लिहू? ससा बरा आहे म्हणावं तर मग दिला का नाही? आजारी आहे म्हणावं तर किती दिवस? मी डबा फळीवर मागे सारून ठेवला. तिची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. नंतर पत्रं थांबली. ससा चार वर्षं जगला, आमच्या घरातच म्हातारा झाला. त्याला पुरलं त्या दिवशी तरी लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. इतका उशीर झाला होता की उशिराचीच लाज वाटायला लागली होती.

पुढे मी नर्स झाले. हदगावला होते, मग बरीच वर्षं इकडे तिकडे, आणि शेवटी बदली झाली ती लातूरला. सामान लावताना तो डबा हाती आला. काकूंचं नाव झाकणावर कोरलेलं होतं तसंच होतं. सहा महिने मी तो स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मग एका रविवारी जवसाची चटणी कुटली, डबा भरला आणि पत्ता विचारत निघाले. काकांनी लातुरातच घर बांधलं होतं. सापडायला अर्धा तास लागला.

दार काकूंनी उघडलं. केस पांढरे, बाकी त्याच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, आणि दारातच झाकण काढून बोटानं चटणी चाखली.

"लसूण लई झालाय," त्या म्हणाल्या.

मैत्रीण तिथं नव्हती. लग्न होऊन दूर गेली होती, दोन लेकरं होती. काका वारले होते. मी चहा हातात धरून बसले आणि आधी तेच बोलले, जे इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं. "काकू, ससा आजारी नव्हता. मी खोटं बोलले होते."

"ठाऊक हाय की," काकू म्हणाल्या. "शिपायानं आल्या आल्या सांगितलं. ससा आत कुरुकुरु खाऊन राहिला, आन् पोरगी खोकून राहिली म्हणला. आम्ही लई हसलो."

"मग..."

"मग काय? हे म्हणाले, दुसऱ्या खेपेला आणू. तीच न्हाई म्हणाली. म्हणाली, मला इथं नवी शाळा हाय, पोरी हायत. तिला तिथं कुणीच न्हाई. तिच्यापाशी राहू द्या." काकूंनी डबा जवळ ओढला. "आपणहून येईल म्हणायची, डबा द्यायला. लई दिवस वाट बघितली तिनं."

मी कप खाली ठेवला. कपाळावर हात लावून बसले. काकू उठून आत गेल्या, भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा डबा धुतलेला, पुसलेला होता आणि जड होता.

"दिवाळीला येणार हाय ती," त्यांनी कडी लावून डबा माझ्या हातात दिला. "तव्हा हा घेऊन ये."