वालूरचं पाणी

काकांची मोटार मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती गंजून भंगारात गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली, काकाही गेले, तरी माझं मत बदललेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं.

काका म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. आम्ही वालूरला एकाच घरात राहायचो आणि सेलूच्या बाजारात काकांची कापसाची आडत होती. निजामी अमदानीत आमच्या भागात मोटार असायची ती मोठ्या अंमलदाराकडे, नाहीतर एखाद्या बड्या देशमुखाकडे. परभणीच्या कचेरीतले एक साहेब हैदराबादेला बदलून गेले, तेव्हा त्यांची जुनी मोटार काकांनी घेतली. साहेबांनी ती बरोबर का नेली नाही, हा प्रश्न काकांना पडला नाही. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून त्यांनी सेलूच्या जिनिंगमधला इंजिनाला तेल घालणारा माणूस आणला. इंजिन ते इंजिन, असा काकांचा हिशेब. तो माणूस गरीब स्वभावाचा होता, पण मोटारीतलं त्याला माझ्याइतकंच कळायचं.

माझी आई काकांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर घसरू द्यायचा नाही, त्यांच्याशी तोंड उघडून बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर मुलांच्या तोंडून. आम्ही तिघी बहिणी, त्यात मी थोरली, म्हणून हे निरोपाचं काम माझ्याकडे. दोघं एकाच ओसरीवर असायची, काकांना आईचा शब्द न् शब्द ऐकू जायचा, तरी मी तो पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय ते उत्तर देत नसत. आणि उत्तरही मलाच. पंधरा वर्षांची होईपर्यंत मी या कामाला इतकी विटले होते की आईचं मऊ बोलणं त्यांच्यापर्यंत नेताना मी त्याला जरा धार लावायची.

दुसरी रीत आईच्या माहेरची. आजोबा जुन्या वळणाचे. लेकीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांच्याकडे कडक पाळत. आईला आम्ही तिघी मुलीच झालो. त्यामुळे आजोबा वालूरला यायचे, ओसरीवर बसायचे, आम्हाला शेंगदाण्याचे लाडू द्यायचे, आणि भर उन्हात कोरड्या घशानं परत निघायचे. शेजारच्या घरून कोणी तांब्या आणून दिला तर तो घ्यायचे. आईला ते फार लागायचं. काकांना त्यात गंमत वाटायची. सासऱ्यांना यंदाही तहान न्हाई वाटतं, असं ते वडलांना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, आणि वडील मूग गिळून बसायचे. एकदा निघताना आजोबांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "शेवटचं जाताना तुझ्या घरचं पाणी पिऊन जाईन. तवा रीत आडवी येत न्हाई." आईनं तो शब्द मनात जपून ठेवला होता.

चैत्रात एका सकाळी परभणीहून माणूस आला. आजोबांचं आता काही खरं नाही, शुद्ध येते-जाते, लेकीची आठवण काढायलेत, लगेच निघा. आईनं रडायला वेळ घेतला नाही. न्हाऊन ओल्या लुगड्यानंच आडावर गेली, स्वतःच्या हातानं पोहरा ओढला आणि तांब्याचा एक तांब्या भरून घेतला. त्यावर वाटी झाकली, धुतलेल्या फडक्यानं गच्च बांधलं, आणि मला म्हणाली की काकांना सांग, आम्हाला गाडीबैलानं सेलूला सोडा, दुपारची रेल्वे मिळते.

मी सांगितलं. काका आरशात फेटा बघत होते. दारात मोटार असताना या घरची सून रेल्वेच्या डब्यात बसून गेली तर परभणीत तोंड कसं दाखवायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आजोबा थांबणार नाहीत. त्यावर ते वडलांकडे वळून म्हणाले की पोरीला फार बोलायला शिकवलंय. वडील खाली बघत होते. मला त्या दिवशी काकांचा जितका राग आला, त्याहून जास्त त्या खाली घातलेल्या मानेचा आला.

तर अशी आमची वरात निघाली. पुढं ड्रायव्हर आणि काका, मागं वडील, मी आणि मांडीवर तांब्या धरलेली आई. धाकट्या दोघी बहिणी घरीच राहिल्या. गावाबाहेर पडेपर्यंत काकांनी भोंगा इतक्या वेळा वाजवला की म्हशी बुजून उकिरड्यावर चढल्या. त्यानंतर खरी सडक सुरू झाली, म्हणजे काळ्या मातीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या, वाळून दगड झालेल्या.

पहिलं चाक बसलं ते वालूरचं देऊळ अजून मागं दिसत असताना. बाभळीचा काटा होता. ड्रायव्हरकडे ठिगळं होती, पण ती चिकटवायचं औषध डबीत सुकून गेलं होतं. मग त्यानं जवळच्या शेतातल्या गंजीतला कडबा आणला, पेंढ्या तोडून टायरात कोंबल्या, हँडलच्या दांड्यानं ठासल्या आणि वरून अंबाडीची दोरी गुंडाळली. शेतवाला धावत आला. विचारल्याशिवाय गंजीला हात का लावला म्हणून त्यानं तोंड सोडलं, तर काकांनी त्याला परभणीच्या कचेरीची भीती घातली. बिचारा दोन पावलं मागं सरला. पण आम्ही निघालो तेव्हा तो मोटारीच्या मागं थुंकला, हे मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

त्या चाकावर मोटार लंगडत चालली. प्रत्येक फेऱ्याला आमची डोकी छताच्या कापडाला लागत होती. आई दोन्ही हातांनी तांब्या उचलून धरायची, म्हणजे हिसका तिच्या हातांना बसावा, पाण्याला नको. मी म्हटलं, दे माझ्याकडे थोडा वेळ. ती नाही म्हणाली.

दुपार टळटळीत झाली तेव्हा आम्ही उघड्या माळावर होतो. पुढून शिट्टीसारखा आवाज आला आणि मोटारीच्या तोंडातून वाफ उसळली. पाण्याची टाकी फुटली होती आणि खालून धार लागली होती. ड्रायव्हरनं भोक शोधलं, त्यात चिंधी कोंबली आणि म्हणाला की हळद असली तर आत टाकू, गरम पाण्यात फुगून फट बुजते. आजोळी न्यायला आईनं हळदीकुंकवाच्या पुड्या घेतल्या होत्या. तिनं कोणी मागायच्या आत हळदीची पुडी माझ्या हातात दिली. मग ड्रायव्हर म्हणाला, "मालक, अब पानी होना."

पाणी कुठं होतं? बरोबर आणलेला डबा त्यानं सकाळीच निम्मा ओतला होता आणि उरलेला आता ओतला. तेवढ्यानं भागेना. लांब एका मळ्यात विहिरीची मोट दिसत होती. जाऊन यायला वेळ लागला असता, पण जाऊन येता आलं असतं. वडील डबा घेऊन निघालेसुद्धा. आई बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन बसली होती. उन्हानं तिला भोवळ आल्यासारखं झालं होतं म्हणून मी तिला हाताला धरून नेलं होतं, आणि तांब्या तेवढ्यापुरता मागच्या बैठकीवर, कोपऱ्यात, टेकूला गाठोडं लावून ठेवला होता.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. वालूरच्याच दुसऱ्या आडत्याची दमणी येत होती. हलकी, छपराची गाडी, पांढरे बैल. या माणसाचं आणि काकांचं बाजारात कधी पटलं नाही. मोटार घेतल्यापासून काका त्याला रस्त्यात गाठून भोंगा वाजवायचे. आता तोच येऊन आपली वाफ सोडणारी मोटार बघणार, हे काकांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते ड्रायव्हरला म्हणाले, लवकर चालू कर. ड्रायव्हर म्हणाला, पाण्याशिवाय कशी करू?

काकांनी मागचं दार उघडलं. मी बाभळीपासून धावत सुटले. पोचेपर्यंत त्यांनी फडक्याची गाठ सोडली होती.

"काका, ते आजोबांचं पाणी हाय."

"परभणीत काय दुष्काळ पडलाय का? आड भरलेत तिथं."

आणि त्यांनी तो तांब्या मोटारीच्या टाकीत उपडा केला. स्वतःच्या हातानं. ड्रायव्हर मागं सरकला होता, त्यानं हात लावला नाही. काका आमच्याच धर्माचे, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, लेकीच्या घरच्या पाण्याची रीत त्यांना ठाऊक होती. या रीतीवरूनच तर ते इतकी वर्षं आजोबांची टिंगल करत आले होते. म्हणजे नकळत झालं असं म्हणायला जागा नाही.

दमणी जवळ आली. त्या आडत्यानं बैल थांबवले आणि सरळ मनानं विचारलं, वहिनींना आणि पोरीला घेऊन जाऊ का, मी परभणीलाच चाललोय. काका मोटारीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, आमी जरा सावलीला थांबलोय, तुमच्या आधी पोचतो. दमणी गेली. घुंगरं बराच वेळ ऐकू येत होती. काकांनी बैठकीवर टाकलेला रिकामा तांब्या मी उचलला होता, तो आईनं माझ्या हातातून घेतला, आत पाहिलं, आणि तो पुन्हा फडक्यात बांधला. रिकामा तांब्या कशाला बांधतेस, असं मला विचारावंसं वाटलं. 

वडलांना मळ्याच्या वाटेवरून हाक मारून परत बोलावलं, मोटार चालू झाली, आणि दुधना नदीच्या पात्रापर्यंत गेली. तिथं कोरड्या वाळूत कडब्याचं चाक फाटलं, दोरी आसाला गुंडाळली आणि मोटार जी रुतली ती रुतलीच. काका ड्रायव्हरला शिव्या देऊ लागले, मग वडलांना. फळ्या घाला, दगड घाला, धोतर कापून दोरी करा. कुठून तरी बैल आणा, म्हणून वडलांना पिटाळायला लागले. आई उतरली. कोणाला काही न सांगता तिनं पदर खोचला आणि वाळू तुडवत पलीकडच्या काठाकडे चालायला लागली. मी तिच्या मागं धावले. काकांनी मला हाक मारून सांगितलं, तुझ्या आईला म्हणावं, घरंदाज बाईनं असं रस्त्यानं पायी जाऊ नये. तो निरोप मी दिला नाही. जन्मात पहिल्यांदा मी निरोप दिला नाही. पण वडील बैल आणायला न जाता आमच्या मागं आले, एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. थोड्या वेळानं काकाही आले, कारण रुतलेल्या मोटारीपाशी ड्रायव्हरबरोबर बसण्यात काही शोभा नव्हती.

परभणीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजोबा होते. तक्क्याला टेकवून बसवलं होतं, डोळे उघडे होते, ओठ पांढरे. घरची माणसं म्हणाली, सकाळपासून चमच्यानं पाणी देतोय तर तोंड मिटून घेतात. वालूरचं येतंय म्हणतात. दमणीवाला आडत्या भिंतीशी बसला होता. आम्ही वाटेत आहोत असं घरच्यांना सांगून तो थांबला होता.

आई आजोबांच्या पायाशी बसली आणि तिनं फडकं सोडलं. आजोबांची नजर तांब्यावर गेली. सगळी खोली तांब्याकडे बघत होती. काका दारात उभे होते. ते जरा वाकून मला म्हणाले, "जा, आडाचं भरून आण अन् वालूरचं म्हणून दे म्हणावं तिला. म्हाताऱ्याला काय कळायलंय?"

हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं. मी जागची हलले नाही.

आई उठली. डोक्यावरचा पदर मागं पडला होता, तो तिनं सावरला नाही. काकांच्या समोर जाऊन, त्यांच्या तोंडाकडे सरळ बघून तिनं रिकामा तांब्या त्यांच्यापुढं धरला.

"भावजी, माझं पाणी द्या."

लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. काकांना उत्तर द्यायला मधे कोणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वडलांकडे पाहिलं. भिंतीशी बसलेल्या त्या आडत्याकडेही पाहिलं. मग, मोटारीला बैल बघायला पाहिजेत, असं काहीतरी पुटपुटत ते बाहेर गेले.

आई परत येऊन बसली. खोटं ती बोलली नाही. आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "अप्पा, पाणी न्हाई आणता आलं."

 समजूत काढावी तसे आजोबा म्हणाले, "असू दे. पुढल्या खेपंला आण."

त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. उजाडायच्या आत गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवलं, अंगाला भस्म लावलं, हातात लिंग दिलं. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा समोरून काकांची मोटार आली, पुढं चार बैल जुंपलेली. आणि रस्ता मिळेना म्हणून काकांनी भोंगा वाजवला.

आम्ही तिघं रेल्वेनं परत आलो. आई पुढं पुष्कळ वर्षं त्याच घरात राहिली, काकांचं जेवण रांधलं, त्यांच्या आजारपणात काढे केले. पण माझ्या तोंडून एकही निरोप तिनं त्यांना पाठवला नाही, आणि ते विचारायचे त्याचं उत्तर दिलं नाही. काका वर्षातून एकदा तरी मला म्हणायचे, तुझ्या आईला विचार, अजून राग धरून हाय का. मी विचारायची. आई तो तांब्या घासत असली तर घासायची थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि पुन्हा घासायला लागायची.