सातव्या फासळीची खाच

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरगूडला भाच्याच्या साखरपुड्यात जेवायला बसलो होतो. फोन इम्रानभाईंचा होता. विलासच्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात ते मोबाइलची कव्हरं विकतात. "मिस्त्री, निघा तसंच. मगदूमसाहेब गेले," एवढंच म्हणाले. दुपारी जेवून विलास आडवा झाला तो उठलाच नाही. मी कोल्हापूरला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि विलासच्या अंगावर निशिगंधाचा एक हार होता, इतका जाड की त्याचा चेहरा त्यात लहान दिसत होता. कुणी आणला म्हणून विचारलं, तर शेजारचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "सरांनी. सगळ्यांच्या आधी आले ते." त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. आज दहा आठवडे झाले, तो राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

विलास मगदूम आणि मी आयटीआयला एका बाकावर होतो. पुढं मी फाउंड्रीत पॅटर्नमेकर झालो, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा, म्हणून तो मला जन्मभर 'मिस्त्री' म्हणत आला. तो स्वतः सहा वर्षं एका कारखान्यात फिटर होता. एका रविवारी कुणाच्या तरी हातात त्यानं बाल्सा लाकडाचं, कागदानं मढवलेलं विमान पाहिलं. ते हातातून सुटलं, माळावरून वर गेलं आणि बराच वेळ खाली आलंच नाही. विलासनं पुढच्या महिन्यात नोकरी सोडली आणि शाहूपुरीतल्या एका बोळात 'मगदूम मॉडेल्स' काढलं. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण शैलजावहिनी, कुरुंदवाडच्या शेतकरी घरातली मुलगी, लग्न होऊन आठ महिने झालेली, ती म्हणाली, "काढा की. आधी काढा, मग बघू."

ज्यांनी ते दुकान भरात असताना पाहिलं, त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. छताला टांगलेली विमानं, काचेच्या कपाटात बोटी, आगगाड्यांचे डबे, बारीक बारीक चाकं, पातळ पापुद्र्यासारखा कागद, आणि सगळ्यावर गोंदाचा आणि लॅकरचा वास. तिथं हाडांचे डॉक्टर येत, कारखानदार येत, निवृत्त पोस्टमास्तर येत आणि सगळे एकाच लाकडी बाकावर बसून एकमेकांना पॉलिशपेपर कसा धरायचा ते शिकवत. विलास तापट होता. चुकीचा माल कुणाला देणार नाही आणि चुकीच्या माणसाला कुठलाच माल देणार नाही. एक कारखानदार सर्वांत मोठं इंजिन मागायला लागला तेव्हा त्याला म्हणाला, "आधी हातानं उडणारं उडवून दावा, मग इंजिनाचं बोलू." कारखानदार रागावून गेला आणि पुढच्या रविवारी माळावर हजर झाला.

मग स्मार्टफोन आले. माणसं दुकानात यायची, वस्तू हातात घ्यायची, विलासकडून तासभर सगळं समजून घ्यायची, त्याच्यासमोर उभं राहूनच फोनवर भाव बघायची आणि "येतो परत" म्हणून जायची. महिन्याभरानं तीच माणसं परत यायची खरी, पण बाहेरून मागवलेलं मोडकं खोकं घेऊन, जरा बघून द्या म्हणून. विलासनं पाटी लावली : 'दुसरीकडून घेतलेल्या वस्तूंची दुरुस्ती इथे होत नाही. रडू नये.' तरी तो दुरुस्त करून द्यायचाच, शिव्या देत देत. हळूहळू कपाटं रिकामी झाली. पुढचा अर्धा भाग इम्रानभाईंना भाड्यानं गेला आणि चमकदार कव्हरांच्या दोन रांगांमधून अंग चोरत विलासपर्यंत जावं लागायला लागलं. ती डॉक्टर मंडळी तेवढीही वाट चालेनात. त्यांची नावं मला पाठ आहेत. शोकसभेत त्यांनी "शहराचं भूषण हरपलं" असं म्हटलं, तेही मी विसरलेलो नाही.

दुकान तगलं ते 'घार'मुळं. ते विलासनं स्वतः बेतलेलं ग्लायडर. इंजिन नाही, बॅटरी नाही, हातानं फेकायचं. आपल्याकडच्या आडव्यातिडव्या वाऱ्यात ते टिकावं म्हणून त्यानं चार वर्षं घालवली होती. किती घारी माळावरच्या दगडांवर फुटल्या त्याला गणती नाही. शेवटी जमलं. मग वहिनी पत्र्याच्या साच्यावरून ब्लेडनं पंखाच्या फासळ्या, म्हणजे पंखाला आतून आकार देणाऱ्या पातळ पट्ट्या, कापायची, विलास पाकिटं भरायचा, आणि जिल्ह्यातल्या शाळा कार्यशाळेसाठी घारी मागवायच्या. गगनबावड्याच्या एका शाळेतून तर दरवर्षी मागणी यायची. तिथं पाऊस सरला की मुलं मैदानावर घारी सोडायची आणि मुख्याध्यापक फोन करून विलासला तो आरडाओरडा ऐकवायचे. त्या दिवशी विलास कुणावर ओरडायचा नाही.

आता सरांबद्दल. नाव लिहीत नाही. सगळं शहर त्यांना सर म्हणतं, मीही तेच म्हणतो. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा दुकानात आले आणि मग बारा वर्षं येत राहिले. विलासनं त्यांना बाल्साची शीर ओळखायला शिकवली, पंखाला पीळ कसा द्यायचा ते शिकवलं. दिवाळीचा फराळ वहिनीच्या हातचा खाल्ला त्यांनी. विलासच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली तेव्हा दवाखान्यात भेटायला आले आणि म्हणाले, "काका, घारचे नकाशे दोन दिवस द्या. कॉलेजात कार्यशाळा आहे." विलासनं पडल्या पडल्या वहिनीला सांगितलं, फाईल द्या. फाईल तिसऱ्या दिवशी परत आली, सोबत पेढे.

वर्षाच्या आत सरांनी नोकरी सोडून अशाच मॉडेल्सचं मोठं शोरूम थाटलं. आणि एक दिवस गगनबावड्याच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. भला माणूस, संकोचून बोलत होता : "मगदूमसाहेब, तुमचंच विमान सर आता आम्हाला शाळेत पोचतं करतात. रंगीत डब्यात. यंदा तुमच्याकडनं नको..." विलासनं तो डबा मिळवला. वर सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, त्यांच्यामागे आकाशात घार. नाव तेवढं इंग्रजी. डब्याचं सील त्यानं फोडलं नाही. "ह्याला मी हात लावणार न्हाय," म्हणाला आणि डबा सगळ्यांत वरच्या फळीवर टाकला.

तरी एकदा तो सरांकडे गेला. मी बरोबर होतो. गारेगार काचेच्या खोलीत आम्हाला तासभर बसवून ठेवलं, एका मुलीनं कामाचं स्वरूप लिहायला कागद दिला. विलासनं त्यावर लिहिलं, 'चोरी'. सर बाहेर आले, कागद पाहिला, हसले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, आयडिया कुणाच्या मालकीची नसते. तुम्ही काळाबरोबर चाला." बाहेर आल्यावर मी म्हटलं, वकील गाठू. विलास गाडीला किक मारत राहिला, ती लागेना... मग म्हणाला, "पुरावा कुठाय मिस्त्री? पंख दोन, शेपूट एक. समदी विमानं तशीच की." त्यानंतर तो माळावर आला नाही. दुकान उघडायचा, बसायचा, बंद करायचा. त्याला हृदयविकारानं नेलं असं डॉक्टर लिहितात. मी लिहिणारा असतो तर वेगळं लिहिलं असतं.

शोकसभेत सर शेवटी बोलले. विलासकाकांचा मानसपुत्र असल्याचं सांगून त्यांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं : मगदूमकाकांच्या स्मरणार्थ शालेय ग्लायडर स्पर्धा, संयोजक त्यांचं शोरूम, आणि सगळ्या स्पर्धकांनी वापरायचं विमान त्यांच्याच डब्यातलं. मी उठलो होतो. तोंडात काय काय आलं होतं ते इथं छापता येणार नाही. वहिनीनं माझी बाही धरली. "बसा भावजी," ती हळूच म्हणाली, "अजून न्हाय."

चार दिवसांनी तिनं मला दुकानात बोलावलं. विलासनं न उघडलेला तो डबा तिनं फळीवरून काढून फोडला होता. टेबलावर यंत्रानं कापलेल्या फासळ्या ओळीनं मांडल्या होत्या. तिनं सातवी उचलून माझ्या हातात दिली. खालच्या कडेला नखाएवढी खाच होती. मी म्हटलं, ही कशाला? "तेच तर," ती म्हणाली. "साचा मी कापत हुते. कुकरची शिट्टी झाली, हात सटकला आणि पत्र्यात कात्री घुसली. ह्यांना म्हटलं दुसरा करू, तर म्हणाले, उडतंय न्हवं, ऱ्हाऊ दे. नकाशाबी त्या साच्यावरनंच गिरवला." तिनं पत्र्याचा साचा फासळीवर ठेवला. कड कडेवर बसली, खाच खाचेवर. आयुष्यभर पॅटर्न केलेत मी. पॅटर्नमध्ये खोट राहिली की प्रत्येक ओतीव भागात तीच उतरते, हे मला माहीत होतं. पण असा आनंद एखाद्या खोटीनं मला कधी दिला नव्हता. विलास जिवंत असताना हा डबा आम्ही का फोडला नाही, म्हणून नंतर मी खूप वेळ डोकं धरून बसलो.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर मोठा मांडव होता. विलासचा फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा सरांचा फोटो. आठ-दहा शाळा, पालक, मुख्याध्यापक, कॅमेरे. प्रमुख पाहुण्या श्रीमती शैलजा मगदूम. सरांनी स्वतः हात धरून तिला व्यासपीठावर नेलं. सत्कार झाला, माइक हातात आला. वहिनी जन्मात कधी माइकवर बोललेली नव्हती. मी पहिल्या रांगेत होतो.

"मला जास्त बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "सरांना एकच विचारते. सर, तुमच्या विमानाच्या सातव्या फासळीला खाली ही खाच हाय. ती कशासाठी?"

सर हसले. "वहिनी, ते जरा टेक्निकल आहे. बॅलन्ससाठी असतं."

"व्हय? मग सहावीला का न्हाय? आठवीला का न्हाय?"

सर आपल्या शोरूमच्या माणसाकडे बघायला लागले. मांडवात पालकांनी डबे उघडून फासळ्या मोजायला सुरुवात केली होती. मला तो आवाज अजून ऐकू येतो, पातळ लाकडाचा, खुडखुड.

"मग मी सांगते," वहिनी म्हणाली आणि पिशवीतून पत्र्याचा साचा काढून तिनं वर धरला. "कुकरची शिट्टी झाली आणि माझा हात सटकला. माझी चूक हाय ती. माझ्या स्वयपाकघरातली चूक तुमच्या डब्यात कशी आली, तेवढं सांगा की."

सर माइककडे आले. तिनं माइक दिला नाही. त्यांनी काही तरी बोलायचा प्रयत्न केला, 'गैरसमज' एवढाच शब्द ऐकू आला. मग गगनबावड्याचे मुख्याध्यापक उठले. त्यांनी आपल्या मुलांकडचे डबे गोळा केले, व्यासपीठाच्या पायरीवर रचून ठेवले, वहिनीला नमस्कार केला आणि मुलांना घेऊन चालू लागले. त्यांच्यामागून आणखी दोन शाळा निघाल्या. सगळे गेले नाहीत, खोटं कशाला सांगू. काहींनी फुकट मिळालेली टोपीसुद्धा काढली नाही. पण सरांच्या चेहऱ्याकडे मी एकटक पाहून घेतलं. घाम कपाळावरून भुवईत उतरेपर्यंत पाहिलं. मला चार भल्या माणसांनी नंतर समजावलं की मन मोठं करावं, गेलेल्या माणसाला शांती लाभते. माझं मन मोठं नाही. विलासचंही नव्हतं, तो असता तर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला असता, "बघितलास मिस्त्री? घाम बघितलास?"

दुकान वाचलं असं मी म्हणणार नाही. पुढं कव्हरं आहेत तशीच आहेत. तीन शाळांनी घारी मागवल्या आहेत, बाकीच्यांनी 'बघू' म्हटलंय. घारचा नकाशा विलासच्या नावानिशी छापून आम्ही मागेल त्याला फुकट देतो, म्हणजे तो पुन्हा कुणाला विकता येऊ नये. मी दुपारनंतर जातो, पाकिटं भरतो. वहिनी विलासच्या खुर्चीत बसून फासळ्या कापते.

गेल्या आठवड्यात सर आले. कव्हरांच्या रांगांमधून अंग चोरत आत आले आणि हात जोडून उभे राहिले. "वहिनी, झालं गेलं..." मी बोलणार होतो, पण माझी गरज नव्हती. ते विलासला काका म्हणत, तिला मात्र वहिनी. आणि ती मला भावजी म्हणते, तसं बारा वर्षं त्यांनाही भावजीच म्हणत आली होती. तिनं ब्लेड खाली ठेवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तितक्याच अदबीनं म्हणाली, "बोला पावणं, काय दावू?"

"वहिनी, मी..."

"घ्यायचं असलं काय तर बोला. न्हायतर बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक उभं हाय."

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीही नव्हतं. तरी ते बाजूला झाले.