उठवू नका, पाणी नको

शमीम गेल्याचं तिच्या नवऱ्याने, सलीमभाईंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे आखातात, रुमैथिया भागात, ओळखीच्यांकडे जेवत होते. घास हातातच राहिला. कर्करोग वर्षभर तिला पोखरत होता, बातमी अनपेक्षित नव्हती... तरी हवल्लीला तिच्या घरी फोन केला तर आता ती उचलणार नाही, हे पटायला काही आठवडे गेले. पण आज रडगाणं गायला बसलेली नाही. मैत्रिणीचा अभिमान वाटतो, तो मिरवायला बसलेय.

शमीम दापोलीची, वैद्यकीय यंत्रांची इंजिनीअर. इथल्या एका लहान कंपनीत ती एक मशीन घडवत होती. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीभोवती पट्टा बांधायचा, की ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मशीनच छाती दाबत राहणार. दवाखान्यांत अशी मशीनं असतात, पण ती शिकलेल्या हातांसाठी. हिला ते जिन्यातल्या, दुकानातल्या कुणालाही वापरता यायला हवं होतं. तिचे वडील लग्नाच्या मांडवात कोसळले, तेव्हा भोवती गावभर माणसं होती आणि कुणालाच काही करता आलं नव्हतं. तिच्या साहेबांना मात्र हे पटत नव्हतं. न शिकलेल्याच्या हातात दिलं तर भलतंच होईल, म्हणायचे.

शेवटी त्यांच्यासमोर चाचणी ठरली. शमीमने आमच्या इथल्या मराठी मंडळातली माणसं बोलावली. बँकवाले, आयटीवाले आणि माझ्याकडे पुण्याहून आलेल्या सासूबाईसुद्धा. जमिनीवर कोसळलेल्या माणसाच्या जागी पुतळा, शेजारी मशीन, बाकी काही सांगायचं नाही. आणि आम्ही काय करावं? पुतळ्याला उठवून बसवलं! एकाने पाठ चोळली, दुसऱ्याने कांदा हुंगवायला मागितला, सासूबाई पाण्याचा पेला घेऊन धावल्या. आपल्याकडे कुणी पडलं की पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. साहेब पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गाडीत बसल्यावर बघते तर शमीम खुशीत!

“तुमची चूक नाय गो. मशीन गप्प बसलं, त्याची चूक.”

मग तिने त्याला बोलतं केलं, स्वतःच्याच आवाजात. मराठी, हिंदी, अरबी. झाकण उघडलं की पहिलं वाक्य, “उठवू नका, पाणी नको, आडवं करा.” दुसऱ्या चाचणीला तिने एकट्या सासूबाईंना पुढे केलं. त्या टीव्हीच्या रिमोटलाही घाबरतात. त्यांनी पुतळा आडवा केला, पट्टा बांधायला घेतला आणि मशीनवरच डाफरल्या, “अगं, ओरडतेस कशाला, करतेय ना!” पट्टा सुरू झाला. या वेळी साहेब हसले नाहीत, होकार देऊन गेले.

पुढे हवल्लीतल्या एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गल्ल्यावरच्या माणसाने ते खरंच वापरलं आणि गिऱ्हाईक वाचलं. केमोने गळून गेलेली शमीम ते ऐकून पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, “आज बिर्याणी मागवा.” खाल्ले दोनच घास, पण काय तोऱ्यात!

गेल्या शुक्रवारी मंडळात मशीन दाखवायला तिची मुलगी झोया उभी राहिली. झाकण उघडलं आणि खोलीत शमीम बोलायला लागली. पोरीने पट्टा नीट बांधला. मशीन म्हणालं, “शाब्बास. आता हात बाजूला घ्या. पुढचं मी बघते.”

“ओके, अम्मी,” झोया हळूच म्हणाली, आणि तिने हात बाजूला घेतले.