चमच्याची हळद

खंडेनवमीला लोक नांगर पुजतात, पाण्याची मोटार पुजतात. मी प्रयोगशाळेतला पावडर काढायचा चपटा चमचा पुजला, त्याला हळद माखली आणि सुट्टीनंतर न धुताच वापरला. एवढा गाढवपणा करायला एम.एस्सी. असावं लागतं.

तेव्हा मी मंचरजवळच्या कॉलेजात शिकवायची आणि पीएच.डी.साठी नवी संयुगं बनवायची. कर्बाच्या कड्यात नायट्रोजन नाहीतर गंधक गुंफायचं आणि बघायचं, जंतू मारतंय का, निदान अँटिऑक्सिडंट तरी निघतंय का. आधीची सगळी ढिम्म निघाली होती. हे शेवटचं. हेही गेलं तर प्रबंधात छापायला काही नव्हतं. तास चालू असताना मी खडू ठेवून प्रयोगशाळेत डोकावून यायची. नुसती भिंगरी.

दसऱ्यानंतर या संयुगाची पावडर त्याच चमच्यानं काढून अँटिऑक्सिडंट तपासायच्या जांभळ्या द्रावणात टाकली. रंग उडाला तर आपण जिंकलो. बघता बघता जांभळं गेलं, पिवळसर उरलं. पावडरसुद्धा पिवळट दिसत होती. आधी पांढरी होती. मी म्हटलं, पिकली असेल. जसा काही आंबाच.

दुसऱ्या दिवशी पीएच.डी.च्या गाइडांना दाखवायला पुण्याची एसटी. कांद्याच्या ट्रकांमागे गाडी अडली, तेवढ्यात मी पर्समधली पावडरची बाटली कितीदा तरी काढून बघितली. शेजारची बाई सरकून बसली.

गाइडांनी नमुना काचपट्टीवर चढवला. शुद्ध पदार्थाचा ठिपका एक हवा, दोन आले. दुसरा पिवळाधमक.

"बाई, दसऱ्याला पूजा केलीत?"

"केली की, यथासांग."

"हळद लावून?"

मी बाटली पर्समध्ये टाकली आणि उठले.

परत आल्याआल्या कॉलेज गाठलं. चमचा न लागलेली आधीची पांढरी पावडर होती, ती टाकली. नळी हलवली, खिडकीशी धरली, पुन्हा हलवली. जांभळं ते जांभळंच. रंग उडवला होता तो हळदीनं.

घरी सासूबाई मेथी निवडत होत्या. महिनाभर माझी ही येरझार त्याच सोसत होत्या. सगळं सांगितलं. जुडीतून मान वर न काढता म्हणाल्या,

"हळद लावल्यावर कुनीबी उजळतं गं. पोरगी बघावी ती हळदीच्या आदी. आता बस जरा खाली, च्या घे, आन् उद्यापासनं दुसरं स्थळ बघ."