शेजारच्या पैलवानाचं इनाम

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपारी साडेतीन. रक्कम एकशे एक डॉलर. हजर: माझे वडील, शेजारचा जर्मन आणि दुभाष्या म्हणून मी. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, तिला धरलं तर चार. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हँडबिलावर तारीख, इनाम आणि उपस्थिती अशीच आधी छापतात, म्हणून मीही तसंच लिहितो आहे.

माझे वडील, आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सांगलीकडचे. तरुणपणी गावोगावच्या फडात कुस्त्या खेळले, पुढे साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला तालमीत घातलं. अकरा दिवस गेलो, बाराव्या दिवशी येत नाही म्हणालो. ते रागावले नाहीत. फक्त तेव्हापासून मला ‘कारकून’ म्हणू लागले आणि कुस्तीबद्दल माझ्याशी बोलायचं बंद केलं. मी आता एकावन्न वर्षांचा आहे.

एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आमच्याकडे आले. मला वाटलं होतं, एवढ्या दिवसांत एकदा तरी मोकळे होतील, पाठीवर हात ठेवून काही बोलतील. पहिले पाच आठवडे आमचे विषय तीन होते: गोळ्या, हवा आणि गवत.

मग एका शनिवारी शेजाऱ्याने गवत कापायचं मशीन गाडीतून एकट्याने उचलून खाली ठेवलं. आबा आमच्या डेकवरून, म्हणजे लाकडी ओट्यावरून, बघत होते.

“कान बघ त्याचं,” ते म्हणाले. “मोडल्यात. पैलवान हाय त्यो.”

अकरा वर्षं मी त्या कानांच्या शेजारी राहिलो होतो. मला ते जन्मापासूनचं व्यंग वाटायचं.

शेजारी सहासष्ट वर्षांचा, इथल्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेला. जर्मनीत तो आठवडाभर लेथवर काम करायचा आणि शनिवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये क्लबसाठी कुस्ती खेळायचा. वजन एकशे अठरा किलो, सगळ्यात वरचा गट. असे एकोणीस सीझन. मला बेरीज जुळल्याशिवाय गोष्ट पटत नाही, म्हणून लिहून घेतलं: एकूण दोनशे अकरा कुस्त्या, जिंकल्या एकशे अठ्ठेचाळीस, हरल्या सत्तावन्न, बरोबरी सहा. राज्यात एकदा तिसरा. देशाच्या मुख्य हेवीवेटचा सराव व्हावा म्हणून एकदा तीन आठवडे कॅम्पला नेलं. तो पाडायचा, हा पडायचा.

“चितपट किती, इचार त्याला,” आबा म्हणाले.

विचारलं. एकोणचाळीस.

“मग एकोणचाळीसच लिही, कारकून. पॉइंटावर काय, तूबी जिंकशील.”

मी इंग्रजीत सांगितलं, “ते म्हणतात, चितपट केलेली कुस्तीच खरी.” शेजारी म्हणाला, त्याचा ट्रेनरही हेच म्हणायचा.

कमरेखाली हात लावायचा नाही हा शेजाऱ्याच्या कुस्तीप्रकारातला नियम ऐकून आबा थक्क झाले. “मग पाय आणतोस कशाला मैदानात? घरी ठिवून ये की.” हे मी जसंच्या तसं सांगितलं. शेजारी इतका हसला की त्याच्या कपातली कॉफी सांडली.

जूनच्या तीस संध्याकाळींपैकी बावीस ते दोघे आमच्या डेकवर होते. मी ऑफिसमधून आलो की शेजारी हाक मारायचा, “आबा वाट बघतायत.” माझ्याच घरात. आबांचं गळपट्टीचं हाड कसं मोडलं, त्यांची आई त्यांच्यासाठी दूध कसं लपवून ठेवायची, कोणाकडून हरून ते दोन दिवस घरी गेले नाहीत, हे सगळं मला तेव्हा कळलं. तेही दुसऱ्याला सांगायचं होतं म्हणून. बोलताना आबा बघायचे त्याच्याकडे.

“तू जळतोयस,” बायको म्हणाली.

“मी फक्त ट्रान्सलेट करतो.”

“मग काल एक वाक्य कुठे गेलं?”

तिला खिडकीतून सगळं ऐकू येतं. ऑगस्टमधली गोष्ट. शेजाऱ्याने उठून, माझ्या खांद्याला धरून, एक पकड दाखवली. आबा बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यो माझ्या पोटी जल्माला यायला पायजे होता.” मी शेजाऱ्याला सांगितलं, “ते म्हणतात, तुझी तब्येत चांगली आहे.” त्याने पोटावर थाप मारली आणि श्रेय बिअरला दिलं. आबा खूश झाले. त्यांना वाटलं, वाक्य पोचलं. आयुष्यात मी खोटा आकडा कधी लिहिलेला नाही. हे लिहिल्यासारखंच होतं.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी आबांनी फेटा बांधला. मंगळवारी त्यांचं विमान होतं. खर्चाला मीच दिलेल्या डॉलरांतून त्यांनी एकशे एक वेगळे पाकिटात घातले होते.

“उभा ऱ्हा म्हण त्याला. इनाम हाय.”

शेजारी उभा राहिला, पण पाकीट घेईना. म्हणाला, “मी अमॅच्युअर होतो. एकोणीस वर्षांत एक पैसा घेतला नाही, बसभाडंसुद्धा खिशातून. घेतला असता तर नाव कापलं असतं. आता कशाला डाग लावू?”

हे मी शब्दही न गाळता आबांना सांगितलं. पाकीट परत फिरेल अशी आशा होती, हे कबूल करतो.

आबांनी पाकीट मागे घेतलं नाही. मग म्हणाले, “दोनशे अकरा, आन फुकट? त्याला म्हण, ही मजुरी न्हाय. बापानं पोराला द्यावं, तसं हाय.”

खिडकीत बायको हलली नाही. मी ते वाक्य सांगितलं आणि त्याच दमात ऑगस्टमधलंही सांगितलं.

शेजारी या वेळी हसला नाही. “हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“जळलो म्हणून.”

“काय म्हणतोय त्यो?” आबांनी विचारलं.

“तुमचं एक वाक्य मी ऑगस्टमध्ये खाल्लं होतं. आता सांगितलं.”

“कुठलं?”

मी तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाच महिन्यांत पहिल्यांदा शेजारी समोर असताना माझ्याकडे.

“पचलं न्हाई व्हय?” ते म्हणाले.

शेजाऱ्याने पाकीट उघडून त्यातला एक डॉलर काढला, कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात घातला. एवढ्याने कोणी नाव कापणार नाही, म्हणाला. पाकीट आबांना परत दिलं. आबांनी ते माझ्यापुढे धरलं. माझा हात लगेच पुढे गेला.

“घे. आमच्या दोघांचं तोंड झालास इतकं दिवस. दुभाष्याची मजुरी.”

मी नोटा मोजल्या. बरोबर शंभर होते. शेजाऱ्याच्या खिशातल्या एका डॉलरशी अदलाबदल मागावीशी वाटली, मागितली नाही.

इनाम, एक डॉलर, शेजाऱ्याला. मजुरी, शंभर डॉलर, मला.