मेहकरला ध्रुपद धरायला

पटकीच्या साथीनं मेहकर निम्मं रिकामं केलं, त्यात अक्काचा नवराही गेला. महिन्याभरानं तिचं पत्र हैदराबादला आलं: "एकादशीच्या भजनाला टाळकरी उरले न्हाईत. दाजींच्या जागी तू उभा राहा." माझा भजनावर विश्वास नव्हता. देव असेल तर मनातलंही ऐकेल, चारचौघांनी ओरडायचं कामून, असं मी एकदा दाजींना तोंडावर म्हणालो होतो. ते नुसते हसले होते. ते हसणं मनात राहिलं होतं, तेवढ्यासाठी निघालो.

बिदरपर्यंत आगगाडी, तिथून भालकीला मोटार. मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा सकाळीच जाऊन जागा धरावी. भालकीला खानावळीत ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण चांगलं मिळतं. पुढं बैलगाडी. काळ्या मातीत चाकं रुततात, अर्धी वाट पायीच झाली. पाणी भालकीहूनच न्यावं. वाटेतल्या विहिरींचं लोक अजून पीत नाहीत. गाडीवान मेहकरच्या वेशीबाहेरच थांबला. "म्या आत येत न्हाई, अण्णा. माफ करा."

गल्लीत कड्या लावलेली दारं मोजायची नाहीत असं ठरवलं, तरी मोजली गेलीच.

दिवेलागणीला देवळात गेलो. पूर्वी अकरा टाळकरी असत. आता विणेकरी वीरप्पा, एक थकलेला शेतकरी आणि मी. अक्का खांबाआड बसली. वीरप्पांची सून आणि दोन्ही नातवंडं त्याच साथीत गेली होती. त्यांनी अभंगाची ओळ म्हटली आणि थांबले. ती ओळ उचलून परत म्हणायची, ध्रुपद धरायचं, हे आमचं काम. शेतकऱ्याला खोकला आला. मला शब्द आठवेनात.

रिकाम्या देवळात ती थांबलेली ओळ ऐकली आणि दाजी का हसले ते कळलं. देवाला ऐकू जावं म्हणून ही माणसं गात नव्हती. आपल्यामागून म्हणणारं कुणीतरी आहे, एवढंच त्यांना ऐकायचं असे.

तेवढ्यात खांबाआडून आवाज आला. अक्कानं ध्रुपद धरलं होतं. स्वच्छ, एकही शब्द न चुकता. वीस वर्षं ती तिथं बसून ऐकत आली होती.

वीरप्पांनी वीणा छातीशी दाबली. "बाई, तू न्हाई. रांडमुंड बाईनं मंडळीत धरायचं नसतंय."

"अप्पा, दुसरं हाय कोण?"

"न्हाई तर न्हाई. बंद पडू दे."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. न मानणारा, शब्द न येणारा मी त्यांना चालत होतो. कारण पुरुष होतो. मी बोलायला हवं होतं. समोर सगळं घर गमावलेला म्हातारा होता, त्याला काय बोलावं, अशी मनाची समजूत घालून मी टाळ खाली ठेवले. अक्का उठून गेली. आरती झालीच नाही.

सकाळी तिनं वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. "अक्का, चल माझ्यासंगं."

"तिथं येऊन काय करू, बापू?" एवढंच म्हणाली.

हैदराबादला आमच्या गल्लीत दर गुरुवारी भजन होतं, पन्नासेक माणसं जमतात. परत आल्यापासून मी जाऊन मागं बसतो. ध्रुपद आलं की सगळे एकदम उचलतात. त्यात एकही बाईचा आवाज नसतो. इतकी वर्षं हे माझ्या कानाला कळलं नव्हतं. आता कळतं, तरी तिथंही मी काही बोलत नाही.

परवा अक्काचं पत्र आलं. देऊळ बंदच आहे. शेवटी लिहिलंय, "मी आता घरात पण म्हणत न्हाई."